हाकणे आणि चालविणे : गडमुडशिंगीच्या रस्त्यावरील उद्धटपणाची ऐतिहासिक मीमांसा

१

कोल्हापुराहून उचगावमार्गे हुपरीकडे जाणारा रस्ता करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी या गावावरून जातो. गावाच्या एका अंगास गांधीनगरची घाऊक कापडपेठ, दुसऱ्या अंगास उजळाईवाडीचा विमानतळ, त्यापलीकडे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत व पुणे–बंगळूर महामार्ग, आणि पुढे चांदीच्या कारागिरीसाठी ख्यातनाम असलेले हुपरी, असा या गावाचा शेजार आहे. त्यामुळे गळिताच्या हंगामात येथील रस्त्यावर बैलगाडी, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, दुधाचा टेम्पो, वडापची गाडी, प्रवासी बस, कामगाराची मोटारसायकल, शाळकरी मुलाची सायकल आणि वैरणीचा भारा डोक्यावर घेतलेली बाई ही सर्व एकाच वेळी दृष्टीस पडतात. वाहतुकीच्या इतिहासातील निरनिराळ्या कालखंडांचे प्रतिनिधी एकाच डांबरी पट्टीवर एकत्र यावेत, असा हा प्रकार आहे.

या रस्त्यावर जे वर्तन आढळते ते काही या गावाचे वैशिष्ट्य नव्हे. वळणावर समोरच्याला दाबणे, मागून सतत कर्णा वाजविणे, रात्री प्रखर दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर रोखणे, आणि ‘कट का मारलास?’ या प्रश्नावरून हातघाईवर येणे, या गोष्टी महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहेत. विचारार्ह गोष्ट अशी की, हेच वर्तन करणारा मनुष्य दूधसंस्थेच्या दारात रांग मोडीत नाही, देवळाच्या पायरीवर वृद्धास हात देतो आणि अनोळखी माणसास ‘पाव्हणं’ म्हणून पाणी विचारतो. चाकामागे बसताच त्याच्या ठिकाणी हा पालट का व्हावा?

या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर संस्काराचे : माणसे बिघडली, म्हणून रस्ता बिघडला. दुसरे उत्तर प्रादेशिक स्वभावाचे : कोल्हापूरची भाषा रांगडी, म्हणून तेथील चालकही आडदांड. पहिल्या उत्तराने वरील पालटाचा उलगडा होत नाही. कारण एकच मनुष्य एका ठिकाणी सुसंस्कृत व दुसऱ्या ठिकाणी उद्धट असेल, तर कारण केवळ मनुष्यात नसून ठिकाणातही शोधावे लागते. दुसरे उत्तर तर भाषिक दृष्ट्या चुकीचे आहे. या भागातील बोलीत आवाज चढा असतो, आज्ञार्थाचा वापर मोकळा असतो, हे खरे. परंतु त्याबरोबरच ती बोली नात्याच्या संबोधनांनी गच्च भरलेली असते. ‘भावा’, ‘मामा’, ‘अण्णा’, ‘पाव्हणं’ यांवाचून तीत सहसा विनंती होत नाही, आणि ‘सरा की जरा’ यातील ‘की’ हा आज्ञेला आर्जवाचे रूप देणारा निपात आहे. रांगडेपणा व उद्धटपणा या दोन भिन्न गोष्टी होत. रस्त्यावर जे लोपले आहे ते बोलीतील सौम्यत्व नसून बोलणेच होय, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादावयाचे आहे.

२

मराठीत बैलगाडी ‘हाकली’ जाते. मोटार ‘चालविली’ जाते. क्रियापदांतील हा भेद वरवरचा नाही. ‘हाकणे’ या क्रियापदाचा ‘हाक’ या नामाशी निकटचा संबंध असून ओरडून बोलाविणे व ओरडून पुढे घालणे हे दोन्ही अर्थ या शब्दकुलात भारतीय आर्य भाषांतून सर्वत्र आढळतात. गाडीवानाचे मुख्य साधन कासरा व चाबूक हे असले, तरी त्याइतकेच महत्त्वाचे साधन त्याचा कंठ होता. तो बैलांशी बोलत असे, आणि ज्या आवाजाने बैलांशी बोले त्याच आवाजाने समोरच्या गाडीवानाशीही बोले. दोन गाड्या अरुंद चाकोरीत समोरासमोर आल्या की कोणीतरी एकाने बैल बाजूस घेणे अपरिहार्य होते, आणि ते कोणी घ्यावयाचे याचा निर्णय शब्दांनी होत असे. गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढाच असल्यामुळे चेहरे दिसत, ओळख पटे, आणि भांडण झालेच तर तेही नावानिशी होई.

मोटारीने हा शब्दव्यवहार खंडित केला. वेग वाढला, यंत्राचा आवाज वाढला, पुढे काच आली. आणि हाकेच्या जागी प्रथम रबरी फुग्याचा भोंगा व नंतर विजेचा कर्णा आला. मराठीने दोहोंस एकच क्रियापद जोडले : ‘हाक मारणे’ तसेच ‘हॉर्न मारणे’. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘हॉर्न मारणे’, ‘ब्रेक मारणे’, ‘कट मारणे’ या प्रयोगांवरून चालकाच्या मनातील हिंस्रतेचे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु मराठीत ‘मारणे’ हे पुष्कळदा केवळ साहाय्यकासारखे येते. ‘उडी मारणे’ किंवा ‘मिठी मारणे’ यांत कोणालाही मार बसत नाही. तेव्हा पुरावा क्रियापदात नाही. तो कर्मात आहे. हाकेत नाव असते, कर्ण्यात नसते. हाक ‘अहो मामा’ अशी असू शकते, ‘ए बाळ’ अशी असू शकते, किंवा ‘अरे ए’ अशीही असू शकते. हाक देणाऱ्यास आपण कोणाशी बोलत आहोत याचा निर्णय शब्द उच्चारण्यापूर्वीच करावा लागतो. कर्णा वाजविणाऱ्यावर असे कोणतेही बंधन नाही.

याचा परिणाम ऐकणाऱ्यावर अधिक होतो. ‘मी येत आहे’, ‘कृपया वाट द्या’, ‘सांभाळा, पुढे खड्डा आहे’, ‘धन्यवाद’ आणि ‘आंधळा आहेस काय?’ ही पाच वाक्ये कर्ण्याच्या भाषेत एकाच ध्वनीने उच्चारली जातात. ऐकणाऱ्यास त्यांतील एक निवडावे लागते, आणि अपमानाची शंका जेथे शक्य असते तेथे मनुष्य सहसा अपमानच निवडतो. विनंती करणाऱ्याचा हेतू निर्मळ असला तरी ती शिवीसारखी ऐकू जाते. शिवीस उत्तर म्हणून शिवी येते. आणि पहिल्याच्या दृष्टीने दुसरा विनाकारण उद्धट ठरतो. मालमोटारींच्या मागील फळीवर रंगविलेली कर्णा वाजविण्याची विनंती हा या अडचणीवरचा एक लौकिक तोडगाच होता : त्या विनंतीमुळे मागच्याचा कर्णा हा अपमान नसून निमंत्रणास दिलेले उत्तर ठरे. निष्कारण गोंगाट होतो म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये व्यापारी वाहनांवरील या वाक्यास मनाई केली. गोंगाटाच्या दृष्टीने ती योग्यच होती. परंतु रस्त्यावरील सभ्यतेचे एक लिखित वाक्यही तिच्याबरोबर गेले.

मराठीत उद्धटपणास जी नावे आहेत त्यांतूनही हेच सूचित होते. ‘अरेरावी’ व ‘अरेतुरे’ या शब्दांत ‘अरे’ हे संबोधन उघड दिसते. मराठी भाषकाच्या दृष्टीने उद्धटपणा म्हणजे प्रथमतः संबोधनाचा दोष होय. ज्या स्थळी संबोधनच शक्य नाही, ते स्थळ या दृष्टीने सदैव अरेरावीच्या उंबरठ्यावर असते. आजच्या नंबरपाट्यांवर ४१४१ हे अंक ‘दादा’ असे वाचता येतील अशा वळणाने रंगविण्याची जी हौस दिसते, तीही या संदर्भात लक्षणीय आहे. नोंदणीपाटीच्या नियमांस ती सोडून आहे, हा मुद्दा वेगळा. ज्या नात्याच्या शब्दाने दुसऱ्यास आदर द्यावयाचा, तो शब्द येथे स्वतःस लावला गेला आहे.

३

वाहनचालकाच्या वर्तनास आज वृत्तपत्रांतून सर्रास लावला जाणारा शब्द म्हणजे ‘मुजोरी’. ‘मुंह’ व ‘जोर’ यांच्या संयोगाने सिद्ध झालेला हा शब्द मूळचा घोड्याचा आहे. तोंडात जोर असलेला, म्हणजे लगाम खेचला असता न जुमानणारा, तो मुजोर घोडा. ‘बेलगाम’, ‘उधळणे’, ‘चौखूर सुटणे’, ‘भरधाव’ हे या क्षेत्रातील इतर शब्दही जनावराच्या चालीवरूनच आलेले आहेत. माणसाच्या हट्टीपणास हे शब्द लाक्षणिक अर्थाने मोटारीच्या आधीपासून लागत होते. तथापि वाहतुकीच्या संदर्भात त्यांचे जे स्थानांतर झाले ते अर्थपूर्ण आहे. जनावराच्या वाहनात दोन इच्छा नांदत असत, चालकाची व जनावराची. बैल बुजला, घोडा उधळला, असे म्हणण्यास जागा होती. मोटारीस स्वतःची इच्छा नाही. तेव्हा मुजोरपणा घोड्याकडून निघाला आणि ज्याच्या हाती लगाम होता त्याच्याकडे आला.

कायद्याचा इतिहास मात्र या स्थानांतराबरोबर चालला नाही. भारतीय दंडसंहिता १८६० सालची. तिच्या २७९ व्या कलमात सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन हाकणाऱ्यास अथवा सवारी करणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. हिंदुस्थानात मोटार येण्यापूर्वी सुमारे चार दशके हे कलम रचले गेले, म्हणजे ते घोडागाडी, बैलगाडी व घोडेस्वार यांना उद्देशून होते. जुन्या रस्त्यावर सर्वत्र सौजन्य नांदत होते या रम्य समजुतीस हे कलमच पुरेसे उत्तर आहे. बेदरकार गाडीवान नसते, तर त्यांच्यासाठी कलम लागले नसते. शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेने, जी १ जुलै २०२४ पासून अमलात आली, हे कलम २८१ या क्रमांकाखाली घेतले. दंडाची कमाल मर्यादा मात्र एक हजार रुपयेच राहिली. १८६० मधील एक हजार रुपये आणि २०२४ मधील एक हजार रुपये यांतील अंतर सांगण्याची आवश्यकता नाही. मोटारीसाठी स्वतंत्र कायदे १९१४, १९३९ व १९८८ मध्ये झाले आणि २०१९ च्या दुरुस्तीने दंड पुष्कळ वाढले, हे खरे. परंतु दंडसंहितेच्या दृष्टीने मोटार आजही घोडागाडीच्या किमतीतच आहे.

अपघाताच्या फिर्यादीत जी ठरावीक वाक्यरचना आढळते तीही येथे पाहण्यासारखी आहे. वाहन ‘हयगयीने, निष्काळजीपणे, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगाने’ चालविल्याचे तीत नमूद असते. यांतील सर्व शब्द दुर्लक्षाचे अथवा वेगाचे आहेत. ‘बेदरकार’ म्हणजे ज्यास दरकार, अर्थात पर्वा, नाही तो. परंतु रस्त्यावरील उद्धट मनुष्य नेहमीच दुर्लक्ष करणारा नसतो. पुष्कळदा त्याचे दुसऱ्याकडे अतिशय बारकाईने लक्ष असते. ज्याने आपल्याला मागे टाकले त्याला गाठावयाचे, त्याच्यापुढे गाडी आडवी घालावयाची, हे निष्काळजीपणाचे काम नव्हे. शासकीय आकडेवारीतही या वर्तनास स्वतंत्र रकाना नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात होऊन १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेग या सदराखाली झाली. अतिवेग ही घटना आहे, कारण नव्हे. तो घाईने, रागाने, की ईर्ष्येने निर्माण झाला, हे त्या सदरावरून कळत नाही.

४

ईर्ष्येचा मुद्दा वाटेच्या मानाशी निगडित आहे. मराठीत ‘आडवे जाणे’ म्हणजे विरोध करणे, ‘वाटेला जाणे’ म्हणजे कुरापत काढणे, आणि ‘मागे टाकणे’ म्हणजे पराभव करणे. पुढे जाण्याची साधी क्रिया व पराजयाची कल्पना यांना भाषेने एकाच शब्दात बांधले आहे. बैलगाड्यांच्या शर्यतीची परंपरा या भागात जिवंत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने ती बंद झाली होती व २०२१ मध्ये सशर्त पुन्हा सुरू झाली. परंतु शर्यतीला मैदान, वेळ व पंच असतात, आणि मागे पडलेल्यास आपण स्पर्धेत उतरलो होतो हे ठाऊक असते. रस्त्यावर यांपैकी काहीच नसते.

मागे टाकले जाणे एवढे का झोंबावे, हे समजण्यासाठी वाट देण्याचा जुना इतिहास विसरून चालणार नाही. जुन्या गावात वाट सोडण्याचा शिष्टाचार होता, हे खरे. परंतु तो समानांचा शिष्टाचार नव्हता. कोणी कोणास वाट द्यावयाची हे जातीने, वतनाने व मानपानाने ठरलेले असे. मिरवणुकीत कोणाची काठी पुढे, कोणाची पालखी मागे, यावरून तंटे होत. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना तर वाटेवर येणेच अवघड होते. तेव्हा जुन्या रस्त्यावरील शांततेचा काही भाग सौजन्याचा होता व काही भाग भीतीचा. आणि जे लोक तिचे गोडवे गातात ते दोहोंतील भेद करीत नाहीत.

कोल्हापूर संस्थानात या व्यवस्थेस मोठा धक्का दिला तो शाहू महाराजांनी. १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम त्यांनी काढले. आणि गडमुडशिंगीपासून फारशा दूर नसलेल्या माणगाव येथे मार्च १९२० मध्ये भरलेल्या परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. सार्वजनिक जागा सर्वांच्या, हे तत्त्व येथे असे प्रस्थापित होऊ लागले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५० मध्ये राज्यघटनेने सार्वजनिक रस्त्यांच्या वापरात जातीच्या कारणाने भेद करण्यास मनाई केली. जन्मावर आधारलेला वाटेचा मान कायद्याने संपला.

परंतु मानाची जागा रिकामी राहिली नाही. समान हक्काच्या दोन माणसांनी अरुंद वाटेवर परस्परांस कसे वागवावे याची रीत जुन्या व्यवस्थेत नव्हती. ती नव्याने घडवावी लागणार होती. ती घडण्यापूर्वीच मोटार आली, आणि वाटेचा मान वाहनाच्या आकाराने ठरू लागला. आज मालमोटारीस मोटार वाट देते, मोटारीस मोटारसायकल देते, मोटारसायकलीस सायकल देते, आणि पायी चालणारी बाई सर्वांना देते. हा अनुभव केवळ भारतीय नव्हे. अमेरिकेतील डूब व ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, हिरवा दिवा लागूनही मुद्दाम न हलणाऱ्या गाडीमागील चालकांचे निरीक्षण केले. पुढची गाडी जुनाट असता मागच्यांनी लवकर व अधिक प्रमाणात कर्णे वाजविले. ती उंची असता अधिक सबुरी दाखविली. खोळंबा तोच, राग मात्र दर्जा पाहून आला. रस्त्यावरचा संताप आंधळा असतो असे म्हणतात. तो आंधळा नसतो, तो हुद्दा ओळखतो.

५

वरील दोन कारणे, संबोधनाचा लोप व मानाचे स्थानांतर, सर्वत्र लागू पडतात. गडमुडशिंगीसारख्या ठिकाणी त्यांना तिसऱ्या कारणाची जोड मिळते, आणि ते आर्थिक आहे. या परिसरातील दळणवळणाचा क्रम लक्षात घेतला असता ते स्पष्ट होते. १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. १९३९ मध्ये उजळाईवाडीचा विमानतळ सुरू झाला. १९४३ पासून शेजारच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ती रिकामी झाल्यावर तेथे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगरची पेठ उभी राहिली. सहकारी साखर कारखाने, दूधसंघ व औद्योगिक वसाहती यांचा विस्तार त्यानंतरचा. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुवर्ण चतुष्कोन योजनेखाली महामार्ग चौपदरी झाला, आणि विमानतळाच्या विस्तारासाठी गडमुडशिंगीचीही जमीन संपादित झाली.

यांतील प्रत्येक उपक्रमाने रस्त्यावर एक नवे घड्याळ आणले. उसाची वाहतूक टनावर मोजली जाते. जितक्या खेपा तितके पैसे, आणि तोडलेला ऊस वाळला तर वजन घटते. दुधाच्या टेम्पोस शीतकरण केंद्राची वेळ गाठावयाची असते. वडापवाल्यास पुढच्या थांब्यावरील प्रवासी दुसऱ्या गाडीने उचलण्यापूर्वी पोहोचावयाचे असते. कारखान्याच्या कामगारास पाळीचा भोंगा ऐकू येत असतो. यांतील कोणाचीही घाई खोटी नाही. परंतु प्रत्येकाच्या घाईची किंमत दुसऱ्याने द्यावयाची असते, आणि दुसऱ्याची घाई दिसण्याचे कोणतेही साधन रस्त्यावर नाही. काचेआडचा मनुष्य आपल्याला फक्त अडथळा म्हणून दिसतो. रुंद महामार्गावर तासाला ऐंशी किलोमीटरची सवय लागलेला चालक गावच्या रस्त्यावर उतरतो तेव्हा ती सवय तो महामार्गावर ठेवून येत नाही.

ट्रॅक्टरच्या मागील ट्रॉलीस परावर्तक नसणे, हा प्रत्येक हंगामात चर्चिला जाणारा दोष याच आर्थिक क्रमातून समजून घ्यावा लागतो. त्यात उद्धटपणाचा हेतू नसतो. तरी अंधारात त्या ट्रॉलीवर जाऊन आदळणाऱ्यास हेतूने काही फरक पडत नाही. परस्परांस न दिसणे हेच येथे मूळ दुखणे आहे. दिव्याच्या अभावी देहाने न दिसणे आणि शब्दाच्या अभावी माणूस म्हणून न दिसणे.

६

वाहनचालकाच्या स्वभावातच दोष असतो असे मानणाऱ्या पक्षास शास्त्रीय आधार नाही असे नव्हे. कॅनडातील टिलमन व हॉब्ज यांनी १९४९ मध्ये टॅक्सीचालकांचा अभ्यास करून, मनुष्य जसा जगतो तसा तो गाडी चालवितो, असा निष्कर्ष मांडला. वारंवार अपघात करणाऱ्यांच्या बाबतीत तो खरा असू शकेल. पण अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात ‘रोड रेज’ ही संज्ञा रूढ झाली, तेव्हा तिने निदर्शनास आणलेली गोष्ट वेगळी होती : एरवी ज्यांच्या जगण्यात दोष दिसत नाही अशी माणसेही चाकामागे संतापतात. समाजशास्त्रज्ञ जॅक काट्झ यांनी १९९९ मध्ये लॉस एंजेलिस येथील चालकांविषयी लिहिताना संवादाच्या या अशक्यतेकडेच लक्ष वेधले. टिलमन व हॉब्ज यांचा सिद्धान्त थोड्यांना लागू पडतो. येथे विचार चालला आहे तो पुष्कळांचा.

कारण जर ठिकाणात असेल तर उपायही काही अंशी ठिकाणातच शोधावे लागतील. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुले व वृद्ध यांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर स्पष्टपणे टाकले आहे. आकाराच्या मानाची उतरंड उलटी करणारे हे वाक्य आहे : जो दुबळा, त्याचा मान मोठा. परंतु ते परवान्याच्या परीक्षेपुरते वाचले जाते. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर वेग उतरविणारी रचना केली, तर चेहरे पुन्हा दिसू लागतात; आणि चेहरे दिसले की संबोधन परत येते. याचा पुरावा गडमुडशिंगीच्या रस्त्यावरच रोज मिळतो. दोन वाहने अडकून थांबली, चालकाने काच खाली केली आणि ‘पाव्हणं, जरा मागं घ्या की’ असे म्हटले, तर दहांपैकी नऊ वेळा गाडी मागे जाते. तोच मनुष्य, तोच रस्ता, तीच घाई. फरक एवढाच की मध्ये शब्द आला.

बैलगाडीच्या युगाकडे परतणे शक्य नाही आणि इष्टही नाही. त्या युगातील वाट सर्वांची नव्हती. जे साधावयाचे आहे ते इतिहासात पूर्वी कधी नव्हतेच : वेगाने जाणाऱ्या, परस्परांस अनोळखी व परस्परांशी समान असलेल्या माणसांचा शिष्टाचार. मुजोर घोड्याच्या तोंडात लोखंड घालता येत असे. ज्याच्याकडे तो शब्द आता आला आहे, त्यास कायद्याचा लगाम आवश्यक आहेच. पण घोड्यास नसलेली एक गोष्ट त्याच्याजवळ आहे, ती म्हणजे वाणी. तिला रस्त्यावर पुन्हा जागा मिळते की नाही, यावर डोक्यावर भारा घेऊन कडेने चालणाऱ्या त्या बाईचे सुखरूप घरी पोहोचणे अवलंबून आहे.